आज्जीचा मोतीबिंदू काढायचाय? आधी शेळ्या कोण सांभाळणार ते ठरवा

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात आशा म्हणून काम करते. चौदा वर्षं झाली. तीन वस्त्या आणि एक तांडा माझ्याकडे आहे. दसरा-दिवाळी झाली की इथली तरणी माणसं कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊस तोडायला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला वाटायचं, लोकांना माहिती नाही म्हणून ऑपरेशनं होत नाहीत. मग मी माहितीच सांगत फिरायचे. मोतीबिंदू म्हणजे काय, ऑपरेशन फुकट होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. बाया ऐकून घ्यायच्या, चहा पाजायच्या, आणि जायच्या दिवशी स्टँडवर कुणीच यायचं नाही. एका आज्जीनं मात्र मला सरळ विचारलं, "पोरी, मी दवाखान्यात जाऊन पडले तर शेळ्यांना पाणी कोण दाखवील?" तिच्याकडे दोन शेळ्या, एक करडू आणि सहा वर्षांचा नातू. पोरगा आणि सून कारखान्यावर. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी डोळ्याच्या आधी घर बघते.

हे लिहितेय ते नव्या आशाताईंसाठी, आणि आई-आजीला गावी ठेवून पुण्या-मुंबईला राहणाऱ्या पोरापोरींसाठी. तुमच्या भागात ऊस नसेल, भात असेल, मासेमारी असेल. तेवढं तुम्ही बदलून घ्या.

दोरी आणि चार बोटं

"आज्जी, दिसतं का?" असं विचारू नका. "दिसतंय की," हेच उत्तर येणार. चाळीस-पन्नास वर्षं त्याच घरात वावरलेल्या बाईला डोळे मिटून चूल पेटवता येते. विचारण्याऐवजी बघत बसा. ज्या आज्जीचं सांगितलं, ती मला चहा ओतून देत होती तेव्हा तिनं डाव्या हाताचं बोट पेल्याच्या काठाच्या आत वाकवून धरलं होतं. चहा बोटाला लागला की ओतणं थांबायचं. बोटाचं टोक भाजून कायमचं लाल झालेलं. उंबरा ओलांडताना पाय आधी चाचपतो का, तांदूळ डोळ्यानं निवडते की बोटानं, माणूस आवाजावरून ओळखते का, नोट दुकानदारालाच "किती आहे बघ" म्हणून दाखवते का, हे सगळं बघा.

मग दोरी काढा. माझ्याकडे सहा मीटरची सुती दोरी आहे, बरोबर मध्ये तीन मीटरला गाठ मारलेली. सकाळी अंगणात आज्जीला बसवायचं, ऊन तिच्या पाठीमागून यावं आणि आपल्या हातावर पडावं. दोरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. लांबचा चष्मा असेल तर तो घालूनच. एक डोळा तिनं स्वतःच्या तळहाताची ओंजळ करून झाकायचा, दाबायचा नाही, नाहीतर दाबलेला डोळा नंतर अंधुक दिसतो आणि तपासणी चुकते. आता बोटं दाखवा. कधी दोन, कधी चार, कधी एक, क्रम ठेवू नका. मग दुसरा डोळा.

सहा मीटरवरून बोटं मोजता आली नाहीत तर नाव वहीत लिहा. गाठीपासूनही, म्हणजे तीन मीटरवरूनही, चांगल्या डोळ्यानं मोजता आली नाहीत तर सरकारी व्याख्येप्रमाणे ते माणूस आंधळं आहे. आपल्याकडे ही रेषा २०१७ पासून तीन मीटरवर आली, आधी ती सहावर होती. पण बोटं मोजली म्हणजे डोळा चांगला, असं समजू नका. बोटं मोजणं ही फार खालची पायरी आहे. समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता येत नसेल, उन्हात डोळे दिपत असतील, दिव्याभोवती पसरट उजेड दिसत असेल तरीही तपासणीला न्यायचं.

टॉर्च मारल्यावर बाहुली काळी न दिसता पांढरट-राखाडी दिसली तर बहुतेक मोतीबिंदू. "बहुतेक" हा शब्द सोडू नका. आपण डॉक्टर नाही. काचबिंदू असेल तर गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते. साखरेमुळे पडदा खराब झाला असेल तर त्याचा इलाज वेगळा. म्हणून "ऑपरेशन केलं की दिसेल" असं वचन कुणाला देऊ नका. एका घरी मी ते दिलं होतं आणि त्यांच्या उंबऱ्यावर परत उभं राहायला मला वर्ष लागलं.

यादीत घालून थांबायचंच नाही असे काही डोळे असतात. लाल होऊन ठणकणारा डोळा, डोळा दुखून डोकं फुटतंय आणि उलट्या होतायत, नजर एकाएकी गेली, लहान मुलाची बाहुली पांढरी दिसतेय. ही माणसं त्याच दिवशी दवाखान्यात गेली पाहिजेत.

आणि "पिकू द्या, मग काढू" हे आता सोडा. पूर्वी ऑपरेशनची पद्धत वेगळी होती, तेव्हा ते ठीक होतं. आता मोतीबिंदूमुळे रोजचं काम अडायला लागलं की काढायचा. फार पिकला तर तो टणक होतो, ऑपरेशन अवघड होतं, आणि कधी कधी डोळ्यातला दाब वाढून सगळंच हातचं जातं.

घराचे प्रश्न

वहीत प्रत्येक नावासमोर मी अर्धं पान मोकळं सोडते. त्या अर्ध्या पानावर डोळ्याचं काही नसतं. सोबत कोण जाणार. शेळ्या कोण बघणार. नातवंडं कुठं झोपणार. स्वयंपाक कोण करणार. थेंब कोण घालणार. "हो" कोण म्हणणार. आणि कोणता महिना.

महिन्यावरूनच सुरू करते, कारण आमच्याकडे सगळी गाडी तिथंच अडते. लोकांच्या मनात पक्कं बसलंय की डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं, उन्हाळ्यात जखम पिकते. आता तसं काही राहिलेलं नाही, दवाखान्यात बाराही महिने ऑपरेशनं होतात. पण थंडीत पोरगा-सून कारखान्यावर. पाडव्याच्या आसपास ती परततात तेव्हा ऊन वाढलेलं, म्हणून "आता नको". मृगात पेरणी. श्रावणात खुरपणी. भादव्यात उडीद-मूग काढायचे. दसऱ्याला परत टोळी निघाली. अशी वर्षामागून वर्षं जातात आणि कुणी "नाही" म्हटलेलं नसतं. मी आता घरोघरी सांगते की पोरं परत आल्यापासून पेरणी होईपर्यंतचे दोन महिने आपले. त्या दोन महिन्यांची यादी मी माघातच करायला घेते. मात्र ज्या घरी पोरगाच नाही, तिथं त्याची वाट बघण्यात अर्थ नाही, तिथं थंडीच चांगली.

मग पैसा. "फुकट" हा शब्द मी जपून वापरायला लागले. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन, भिंग, औषध यांचे पैसे पडत नाहीत हे खरं. पण तपासणीची एक खेप, ऑपरेशनचा मुक्काम, नंतर दाखवायच्या दोन-तीन खेपा. सोबत जाणाऱ्याचे पाच रोज बुडतात. आमच्याकडे बाईचा रोज ३०० धरला तरी दीड हजार झाले, वर चहापाणी. ज्या घरानं मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलीय त्याला हे दीड हजार कुठून आणायचे हा खरा प्रश्न असतो, आणि तो विचारायला लोकांना लाज वाटते. म्हणून आपणच हिशोब मांडा. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना राज्यात प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बाईमाणसाला कोणत्याही वयात अर्धं. आधार कार्ड मात्र सोबत पाहिजे आणि त्यावरचं वय बरोबर पाहिजे. आमच्याकडच्या कितीतरी आज्ज्यांच्या आधारवर वय अंदाजे टाकलंय, ८० ची बाई कागदावर ६८ ची. हे आधीच बघून ठेवा, कंडक्टरपुढं नको.

"हो" कोण म्हणणार, याला सगळ्यांत जास्त वेळ द्या. म्हातारा बाबा असेल तर तो स्वतः म्हणतो, "चल, कधी जायचं." आज्जी म्हणते, "पोराला विचारते." पोराला विचारलं तर तो म्हणतो, "आईच नको म्हणते." दोघंही खोटं बोलत नसतात. आईला पोराच्या खर्चात पडायचं नसतं, आणि पोराला आईवर जबरदस्ती करायची नसते. मी पोराला फोन लावते. रात्री नऊच्या सुमाराला, टोळी कोपीवर, म्हणजे आपल्या झोपड्यांवर, आलेली असते तेव्हा. सांगते की तुझ्या आईला तीन मीटरवरून बोटं मोजता येत नाहीत. एवढं एकच वाक्य. बरेच जण गप्प होतात. त्यांना खरंच माहीत नसतं, कारण दिवाळीला आईनंच त्यांना भाकरी बांधून दिलेली असते.

बाया स्वतःला मागं ठेवतात. "मला काय आता नोकरी करायचीय?" हे मी शंभरदा ऐकलंय. त्यावर वाद घालू नका. नातवाकडे बोट दाखवा. त्या आज्जीचा सहा वर्षांचा नातू पहाटे तिला हाताला धरून बाहेर न्यायचा, मग शेळ्यांमागं जायचा, दुपारी तिच्यासोबत रेशनच्या रांगेत. शाळेच्या हजेरीत तो आठवड्यातून दोन दिवस असायचा. आज्जीची काठी झाला होता तो. हे मी तिला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ती गप्प राहिली.

आम्हाला प्रशिक्षणात एक आकडा सांगितला होता, तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. २०१५ ते २०१९ या काळात देशभर डोळ्यांची पाहणी झाली. पन्नाशीपुढच्या ज्या लोकांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात आंधळेपण ३.२३ टक्के, आणि दहावी किंवा पुढं शिकलेल्यांत ०.४३ टक्के. सात पटीचा फरक. आणि पन्नाशीपुढच्या एकूण आंधळेपणात ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे, म्हणजे ज्याच्यावर पाऊण तासात इलाज होतो त्याच्यामुळे. शिकलेल्या माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू होत नाही असं थोडंच आहे. त्याला कुणीतरी वेळेवर नेतं.

डोळ्यांची सावड

शेळ्यांचं उत्तर मला आमच्या जुन्या रीतीतच सापडलं. पेरणीला बैल कमी पडले की आपण सावड करतो, आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. तसंच डोळ्यांचं करायचं. शेजारशेजारच्या दोन आज्ज्या निवडायच्या, दोघींनाही मोतीबिंदू असलेल्या, पण एकीला अजून बऱ्यापैकी दिसणारं. जिचं जास्त अडलंय ती आधी जाते. दुसरी तिच्या शेळ्या स्वतःच्या शेळ्यांत सोडते, नातवाला जेवू घालते, आणि आल्यावर थेंब घालते. दीड-दोन महिन्यांनी उलट. जिला आता दिसायला लागलं ती दुसरीला सांभाळते.

याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. भीती गेली. माझ्या तोंडून "काही दुखत नाही" ऐकणं वेगळं आणि शेजारणीनं स्वतःच्या डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर "तुझ्या हनुवटीवर गोंदण आहे की गं" म्हणणं वेगळं. गावात एखाद्याचा डोळा ऑपरेशननंतर बिघडलेला असतो आणि ती गोष्ट वीस वर्षं फिरते. तिला खोटं म्हणू नका, कधी कधी बिघडतो. पण दिसायला लागलेली चार माणसं त्याच वस्तीवर फिरताना दिसली की लोक आपले आपण तोलून बघतात.

शक्यतो चार-पाच जणींना एकाच दिवशी न्या. पाच आज्ज्यांना सोबत दोन माणसं पुरतात, पाच लागत नाहीत. बुडणारे रोज निम्म्याच्याही खाली येतात. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. व्यंकटस्वामींनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलं, आणि त्यांनीही गावोगावी शिबिरं घेऊन, निवडलेल्या रुग्णांना गाडीत घालून एकत्र नेणं, जेवू घालणं आणि परत आणून सोडणं हीच वाट धरली. तिथून देशभर लोक शिकले. आपल्याकडे बस नाही, पण एसटीत पाच जागा धरता येतात.

जायच्या आधीचा आठवडा

उपकेंद्रात बीपी आणि साखर तपासून घ्या. साखर किंवा बीपी वाढलेलं निघालं तर दवाखान्यातून परत पाठवतात, आणि एकदा परत आलेली आज्जी दुसऱ्यांदा निघायला तयार होत नाही. माझ्या हातून अशा तीन जणी सुटल्या. रोजच्या गोळ्या चालू असतील तर रिकामं पाकीटसुद्धा सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दातात पू असेल, पायाला चिघळलेली जखम असेल, डोळ्यातून सारखं पाणी-चिपाड येत असेल तर तेही सांगा.

आधार, रेशन कार्ड, जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत. पोराचा फोन नंबर कागदावर मोठ्या आकड्यांत. मोबाईल बंद पडतो.

दागिन्यांचं आधी ठरवा. तांड्यावरच्या आज्ज्यांच्या केसांत घुगरी-टोपली असते, ती गालाशीच लोंबते आणि ती पन्नास वर्षांत कधी काढलेली नसते. ऐन वेळी नर्सनं "काढा" म्हटलं की आज्जी तिथूनच मागं फिरते. घरीच, सुनेच्या किंवा बहिणीच्या हातानं काढून तिच्याकडेच ठेवायला द्या.

आणि एक सराव करून घ्या. ऑपरेशनला तोंडावर कापड टाकतात, फक्त एक डोळा उघडा राहतो. बधिर केलेलं असलं तरी श्वास कोंडल्यासारखं वाटून म्हातारी माणसं हात वर नेतात. घरी उताणं झोपवून, तोंडावर धुतलेलं विरळ लुगड्याचं फडकं टाकून, दहा-पंधरा मिनिटं पडायला सांगा. खोकला आला तर हलायचं नाही, आधी तोंडानं "खोकला येतोय" म्हणायचं. दोन दिवस हा सराव झाला की तिथं गोंधळ होत नाही. उताणं पडल्यावर दमच लागत असेल तर तेही आधी कळतं.

अंगठा घ्यायच्या आधी कागद वाचून दाखवायला सांगा, तो तिचा हक्क आहे. भिंगाचा नंबर लिहिलेलं कार्ड मिळतं ते जपून ठेवा. आमच्याकडे ते कार्ड देवाच्या फोटोमागं ठेवतात, म्हणजे कुणी फेकत नाही.

थेंबांचे दिवस

खरी मेहनत इथं आहे, आणि नेमकं इथंच सगळे सैल पडतात. ऑपरेशन झालं, गाडी गावात आली, मिटलं, असं वाटतं. थेंब चार-सहा आठवडे चालतात, आधी जास्त वेळा, मग कमी. दोन बाटल्या, दोन्ही पांढऱ्या, अक्षरं मुंगीएवढी. मी एका बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधते. "लाल दोऱ्याची इतक्या वेळा, बिनदोऱ्याची इतक्या वेळा" एवढंच पाठ करायचं. किती वेळा ते डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. थेंब घातला की चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ. संध्याकाळी मी किंवा शाळेतलं पोर रेघा मोजतं.

घालायची रीत अशी. साबणानं हात धुवायचे. आज्जीनं वर आढ्याकडे बघायचं. खालची पापणी बोटानं हलकी खाली ओढायची, तिथं जी खोबण होते तीत एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला टेकू द्यायचं नाही. डोळा हळू मिटायचा, चोळायचा नाही. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटं थांबून. पदरानं डोळा पुसायचा नाही, हे मला रोज सांगावं लागतं, कारण पदर हा आपल्या बायांचा दुसरा हात आहे.

डोक्यावरून पाणी नाही, चाऱ्याचा भारा नाही, वाकून झाडलोट नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस. आणि चुलीपुढं बसणं नाही. घरात उज्ज्वलाची टाकी असते, पण ती पाहुण्यापुरती, भरून आणायचे पैसे नसतात. या एका महिन्यासाठी टाकी भरून घ्या, किंवा भाकरी सावडीतली आज्जी थापून देईल. लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा आणि मोतीबिंदूचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलाय, आणि चुलीपुढं आयुष्य कोणाचं जातं ते आपल्याला माहीत आहे.

दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, पू आला, किंवा आलेली नजर कमी व्हायला लागली तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीनं परत. पोराचा फोन लागो न लागो.

महिना-दीड महिन्यानं चष्म्याचा नंबर काढायला जायचंच. जवळचा चष्मा विसरू नका. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना साधा जवळचा चष्मा दिला, तर चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांची पानं खुडायची कामगिरी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, हा अभ्यास २०१८ साली छापून आला. आमच्याकडे चाळिशीनंतर बाया गोधडी शिवणं सोडून देतात आणि म्हणतात, "हात राहिला नाही." हात असतो, सुईचं नाक दिसत नसतं.

ऊसतोडीतला डोळा

म्हाताऱ्या डोळ्यांपेक्षा हा डोळा मला जास्त छळतो, कारण हा माझ्या घरातला आहे.

मी सातवीत होते. अण्णा कारखान्यावर होते. ऊस तोडताना वाळलेली पात उजव्या डोळ्याला फटकन लागली. पातीची कड करवतीसारखी असते. डोळ्यातून पाणी, खुपल्यासारखं. पण बसून राहिलं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे अंगावर चढतात. आईनं अंगावरचं दूध पाजणाऱ्या एका बाईकडून डोळ्यात दूध घातलं. मग बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली. त्या थेंबांनी लाली दोन दिवसांत गेली, सगळ्यांना बरं वाटलं. आठव्या दिवशी बुबुळावर मूगडाळीएवढा पांढरा ठिपका होता. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, बुरशी गेलीय आत. डोळ्यात फूल पडलं ते कायमचं. अण्णांनी पुढची अकरा वर्षं एका डोळ्यानं ऊस तोडला.

आता मला माहीत आहे की लाली घालवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. बुरशीच्या जखमेला ते म्हणजे खतपाणी. वरून डोळा निवळतो आणि आत जखम पसरते. शेतातल्या पाल्यानं, काडीनं, कणसाच्या कुसानं डोळ्याला झालेल्या जखमेत बुरशी फार होते आणि तिचं औषध तासातासाला, कित्येक आठवडे घालावं लागतं. कोपीत राहून ते जमत नाही. म्हणून पहिला दिवसच महत्त्वाचा.

टोळी निघायच्या आधी, दसऱ्याच्या आठवड्यात, मी प्रत्येक कोयत्याकडे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीकडे, जाते आणि दोघांना एकत्र बसवून बोलते. डोळ्याला पात लागली तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, घट्ट पट्टी बांधू नका. दूध, तूप, मध, झाडाचा रस, अंजन काहीही घालू नका. चिठ्ठीशिवाय मेडिकलचे थेंब नाहीत, दुसऱ्याचे उरलेले तर मुळीच नाहीत. डोळ्यात रुतलेलं कूस स्वतः काढू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन "ऊस तोडताना पात लागली" हे शब्द सांगा. नुसतं "डोळा आलाय" म्हणू नका, त्यावरून औषध बदलतं.

मुकादमाशीही बोलते. त्याला दयेचं सांगून उपयोग नसतो. त्याला सांगते की एक दिवसाचा खाडा सोडलास तर माणूस हंगामभर तोडेल, नाही सोडलास तर अर्धा कोयता जाईल आणि उचल अडकेल. तीन मुकादमांनी डोळ्याच्या जखमेला खाडा न धरायचं कबूल केलं. दोघांनी पाळलं.

सोबत जाणाऱ्या लहान पोरांचं जीवनसत्त्व अ चा डोसही त्याच आठवड्यात उरकून घ्या. पहिला नवव्या महिन्यात, दुसरा दीड वर्षाच्या सुमाराला, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ डोस. टोळीतल्या पोरांचे मधलेच डोस चुकतात. कार्ड आईच्या पिशवीत द्या, तिथल्या अंगणवाडीत दाखवायला सांगा.

ज्यांचा डोळा परत येणार नाही, त्यांना हातचं सोडू नका. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र काढा, ४० टक्के किंवा वर असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. अण्णांचा एक डोळा चांगला होता, त्यामुळे त्यांचे टक्के त्यात बसले नाहीत. तेही लोकांना आधी सांगून ठेवते, म्हणजे खेप घालून निराश होत नाहीत.

या दसऱ्याला मी प्रत्येक कोयत्याला एक साधा पारदर्शक चष्मा द्यायचं ठरवलंय, वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तसला, बाजूनं झाकलेला. पोरं म्हणतात घामानं धुरकट होतो, काम मंदावतं. म्हणून गेल्या हंगामात सहा जणांना वेगवेगळे वापरायला दिले होते. बाजूला बारीक भोकं असलेला चष्मा चौघांनी शेवटपर्यंत घातला. तोच आणायचा आहे. ग्रामपंचायतीच्या निधीतून ४० नगांचा अर्ज सरपंचताईंकडे दिलाय, येत्या ग्रामसभेत तो विषय आहे.